घरी बसलेलं मत कुणाला जातं?

महाराष्ट्रात एक निवडणूक अशी होते, जिच्यात उमेदवार नसतो, झेंडा नसतो आणि जाहीरनामाही नसतो. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात: एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं असं जिला वाटतं, तिने आडव्या बाटलीला मत द्यायचं. चालू राहावं असं वाटत असेल, तर उभ्या बाटलीला. ही निवडणूक आपोआप लागत नाही. आधी किमान पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्या पडताळतो. ते सगळं पार पडलं की मतदानाचा दिवस ठरतो. आणि खरी मेख तिथेच आहे. बाटली आडवी व्हायची, तर झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत जेवढ्या महिला मतदार आहेत, त्या एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात.

गणित मांडून पाहा. समजा, यादीत हजार बायका आहेत. त्यातल्या सहाशे मतदानाला आल्या. चारशे ऐंशी जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, एकशेवीस जणींनी उभ्या. चौपट मतं पडली, तरी बाटली उभीच राहिली. न आलेल्या चारशे जणींनी काही न करता दुकान वाचवलं.

म्हणून या लढ्यात उतरलेल्या बायका भाषणं कमी करतात आणि यादी हातात घेऊन जास्त फिरतात. अमकी बाळंतपणाला माहेरी गेली आहे, तिला आदल्या रात्री आणायचं. तमकी लग्न होऊन तीन वर्षांपूर्वी सासरी गेली, पण नाव अजून इथेच आहे. एका आजीबाईंचं वर्षश्राद्धही होऊन गेलं, तरी यादीत त्या हयात आहेत. म्हणजे हयातभर ज्या बाटलीने त्यांना छळलं, तिच्याच बाजूने आता त्यांचं नाव मोजलं जाणार. यादी शुद्ध नसेल तर लढाई मतदानाआधीच हरली जाते, हे या बायकांना कुणी शिबिर घेऊन शिकवलेलं नाही. नियमानेच त्यांना ते शिकवलं.

आपल्या नेहमीच्या निवडणुकांत हा नियम नाही. तिथे आलेल्या मतांचीच मोजणी होते. म्हणून आपल्याला वाटतं की घरी बसलेलं मत कुणालाच जात नाही. पण शंभर मतदारांपैकी पन्नासच आले, ते पाच उमेदवारांत विभागले गेले, तर अठरा मतं मिळवणाराही गुलाल उधळतो. त्याला फक्त आपले अठरा जण सांभाळायचे असतात. त्यांची कामं करायची, त्यांच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचे, आदल्या रात्री लक्ष्मीदर्शन घडवायचं. उरलेल्या ब्याऐंशी जणांची त्याला गरज नसते. न आलेल्या पन्नासांचे तर तो मनातून आभारच मानतो. घरी बसलेलं मत ज्याची टोळी आधीच बांधलेली आहे त्याला जातं. दर वेळी, न चुकता.

टक्केवारी काय सांगते, काय लपवते

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळपास ७२ टक्के मतदान झालं. जंगल, नदीनाले, मैलोन् मैल पायपीट आणि नक्षलवाद्यांची दहशत हे सगळं सोसून. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत जेमतेम ५० टक्के लोक बाहेर पडले, कल्याणमध्येही तेवढेच, पुण्यात साधारण ५३ टक्के. ज्यांच्या दारापासून मतदान केंद्र चालत दहा मिनिटांवर होतं, त्यांनी सुट्टी घेतली आणि लोणावळा गाठलं, असा टोमणा दर निवडणुकीनंतर मारला जातो. त्यात तथ्य आहे. पण ते पूर्ण नाही.

शहरांच्या मतदार याद्या फुगलेल्या असतात. भाडेकरू घर बदलतात, जुनं नाव तिथेच राहतं आणि नवीन पत्त्यावर दुसरं लागतं. पुनर्विकासात चाळ पाडली जाते. चाळीतली दोनशे नावं यादीत त्याच चाळीच्या पत्त्यावर वर्षानुवर्षं नांदत राहतात. मयतांची नावं निघत नाहीत. या नावांमुळे टक्केवारी खाली जाते. उलट बाजूला, ज्यांना मत द्यायचं असतं त्यांचं नाव शेजारच्या प्रभागात गेलेलं असतं. स्थानिक निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागवार फोडली जाते. फोडताना एखादी गल्ली, एखादी इमारत, कधी एकाच घरातली निम्मी माणसं पलीकडच्या प्रभागात जातात. नवरा इथे, बायको तिथे. प्रारूप यादी जाहीर होते, हरकती व सूचनांसाठी मुदत मिळते, तेव्हा आपण झोपलेलो असतो. मग मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उन्हात आरडाओरडा करायचा, म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि गावाकडचं काय? बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतो तो मार्च-एप्रिलमध्ये परत येतो. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, नेमकं हंगामाच्या तोंडावर. त्याचं नाव गावात, तो साखर कारखान्याच्या फडात. त्याला गावी आणायला गाडी कोण पाठवतं? ज्याला त्याचं मत हवं असतं तो उमेदवार. गाडीभाड्यासोबत मतही गेलं. ही गाडी कुठल्याही उमेदवाराच्या पैशाशिवाय येण्याची सोय लावणारं गावात कुणी नसेल, तर त्या मजुराला आळशी किंवा विकाऊ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नाव वगळलं जाण्याचा प्रश्न या देशात पहिल्या निवडणुकीपासूनचा आहे. १९५१-५२ च्या निवडणुकीची यादी तयार होताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच ओळख दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा सुमारे २८ लाख नोंदी यादीबाहेर ठेवल्या. निर्णय कठोर होता, पण त्यामागचा धडा पक्का होता: मताधिकार व्यक्तीचा आहे आणि व्यक्तीला नाव असतं. पुढच्या निवडणुकांत त्या बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या. त्यांचं नाव लिहून घ्यायला कुणीतरी त्यांच्या दारापर्यंत गेलं म्हणून आल्या.

जाणण्याचा हक्क मिळाला, जाणून घेणारे कुठे आहेत?

केंद्रावर पोहोचणं हे अर्धंच काम. तिथे जाऊन कुणाला मत द्यायचं हे ठरवायला काहीतरी माहिती लागते. १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात एक साधी मागणी केली: उमेदवारावर कोणते गुन्हे दाखल आहेत, त्याची मालमत्ता किती, शिक्षण किती, हे मतदाराला कळलं पाहिजे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मे २००२ रोजी न्यायालयाने मतदारांच्या बाजूने निकाल दिला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या एका बाबतीत एक झाले आणि कायदा बदलून त्या निकालातली हवा काढून घेण्यात आली. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदलही रद्द केला. तेव्हापासून उमेदवाराला आपली कुंडली शपथेवर मांडावी लागते.

आता स्वतःला विचारा. त्या निकालाला दोन दशकं उलटून गेली. आपल्या नगरसेवकाचं, आमदाराचं शपथपत्र आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी उघडून वाचलं आहे?

वाचलं तर त्यात बरंच काही सापडतं. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराच्या शपथपत्रात गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न वर्षागणिक असतं. जोडीदाराचं आणि अवलंबितांचंही. जमीन, घर, सोनं, गाड्या, कर्ज यांचे रकाने असतात. प्रलंबित खटले कलमांसकट असतात. राजकीय आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा किंवा विनयभंगाचा गुन्हा हे दोन्ही ‘गुन्हा’ या एकाच रकान्यात येतात. फरक वाचणाऱ्याने करायचा असतो. पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्र शेजारी ठेवलं की आणखी गंमत दिसते. व्यवसाय ‘शेती व समाजसेवा’, आणि मालमत्ता मात्र मधल्या काळात कितीतरी पटींनी वाढलेली. समाजसेवेला एवढं पीक कुठल्या जमिनीत येतं, हा प्रश्न प्रचारसभेत कुणी विचारत नाही, कारण विचारायला आधी दोन्ही कागद वाचलेले असावे लागतात.

महापालिकांच्या निवडणुकीत तर हे आणखी अवघड आहे. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांमध्ये बहुसदस्य प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी चार जागांचा एक प्रभाग. मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात. प्रत्येक जागेला सहा-सात उमेदवार धरले, तरी पंचवीसेक माणसांची माहिती हवी. नोकरी करणारी, स्वयंपाक आटपून केंद्रावर आलेली बाई एकटी हे कधी करणार? ती एक ओळखीचं चिन्ह शोधते आणि चारही वेळा तेच दाबते. या पॅनेल पद्धतीला हेच हवं असतं. एका लोकप्रिय चेहऱ्याच्या आडून तीन अनोळखी माणसं आत जातात, आणि पुढे नाला तुंबला की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

एकट्या मतदाराने हे सगळं वाचावं ही अपेक्षाच चुकीची आहे. दहा जणांनी वाटून घेतलं, तर तेच काम दोन रविवारचं आहे. एकाने शपथपत्रं उतरवून घ्यायची, दुसऱ्याने आधीच्या नगरसेवकांचा प्रभाग निधी कुठे खर्च झाला ते काढायचं, तिसऱ्याने सभागृहातली हजेरी आणि विचारलेले प्रश्न शोधायचे. मग सगळं एका पानावर मोठ्या अक्षरांत, सोप्या मराठीत. ते पान सोसायटीच्या फलकावर, देवळाच्या, बुद्धविहाराच्या, मशिदीच्या बाहेर, रिक्षा थांब्यावर, बचत गटाच्या बैठकीत. कुणाला मत द्या हे त्यावर एका शब्दानेही लिहायचं नाही.

हे आपल्याला नवीन नाही

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण लग्नकार्यात वापरतो, लोकशाहीत विसरतो. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. मताधिकार नव्हता, विधिमंडळात आपण निवडून दिलेला माणूस नव्हता, सरकार परक्यांचं होतं. तरीही सभेने एक अट घातली: सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणा. म्हणजे स्वतःच्या नावावर कुणी बोलायचं नाही. ज्यांच्या वतीने बोलता, त्यांनी तुम्हाला तसं लिहून दिलेलं असलं पाहिजे. पहिल्या ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोक होते. ही सभा उभी करणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले ते उगाच नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात याच सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. आधी माहिती, मग मागणी, ही शिस्त तेव्हाची आहे.

पुढे मताधिकारासाठी ज्यांनी झगडा केला, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव अग्रभागी आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या आणि सर्वसामान्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. त्या काळी मत हे सारा भरणाऱ्याचं, मालमत्ता असणाऱ्याचं, शिकलेल्याचं होतं. ज्याच्याकडे काही नाही त्यालाच मताची सर्वांत जास्त गरज आहे, हा युक्तिवाद जिंकायला संविधान यावं लागलं. अनुच्छेद ३२६ ने अंबानीला आणि आंबेवालीला एकेकच मत दिलं. आज त्यातला एक जण आपल्या मताचं मोल ओळखून असतो आणि दुसरीला ते पाचशे रुपयांचं वाटतं, तर दोष तिच्या गरिबीचा जितका आहे तितकाच आपल्या अलिप्तपणाचाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली. घोषणा सगळ्यांच्या लक्षात राहिली, तिच्यामागचा अभ्यासगट कमी जणांना माहीत आहे. गावात बाहेरचे जाणकार आणि गावकरी एकत्र बसून विषय समजून घेतात; तिथे निर्णय होत नाही, नुसती चर्चा होते. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. जाणणं आणि ठरवणं या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्यामुळे जो जास्त बोलतो त्याचीच सरशी असं होत नाही.

शहरांतही ही परंपरा आहे. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ नगरसेवक आणि आमदारांची प्रगतिपुस्तकं काढत आलं आहे: हजेरी किती, प्रश्न किती विचारले, कोणत्या विषयावर. ‘अग्नी’ ही संस्था प्रभागवार नागरिकांना जोडत आली. पुण्यात ‘सजग नागरिक मंच’ माहिती अधिकाराच्या जोरावर महापालिकेच्या कारभाराचा हिशेब मागतो. ही नावं मोठी वाटतात, पण त्यांची ताकद सगळीकडे पोहोचू शकत नाही. तुमच्या प्रभागाचा हिशेब मुंबईहून कुणी येऊन मांडणार नाही.

निष्पक्ष म्हणजे नेभळट नव्हे

असा गट काढला की पहिला प्रश्न येतो: तुम्ही कुणाचे? हा प्रश्न रास्त आहे. गल्लोगल्लीची मंडळं, प्रतिष्ठानं, युवा मंच हे कुणा ना कुणा भाऊंच्या, दादांच्या फ्लेक्सवर वाढलेले असतात. म्हणून मतदार गटाने पहिल्याच बैठकीत चार नियम लिहून काढावेत आणि सगळ्यांनी त्याखाली सह्या कराव्यात. पक्षाकडून, उमेदवाराकडून किंवा ठेकेदाराकडून एक रुपया, एक खुर्ची, एक मांडव घ्यायचा नाही. गटात वेगवेगळ्या पक्षांचे मतदार जरूर असावेत, पण ज्याला निवडणूक लढवायची आहे किंवा कुणाचा प्रचार करायचा आहे त्याने आधी गटातून बाहेर पडायचं. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, तेवढीच मुदत, उत्तरं जशीच्या तशी प्रसिद्ध. ज्याने उत्तर दिलं नाही त्याच्या नावापुढे ‘उत्तर आलं नाही’ एवढंच लिहायचं. त्यापुढे टीका नको. वाचणाऱ्याला कळतं.

इथे एक फरक ठेवला पाहिजे. २००७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत जुहूच्या प्रभाग ६३ मध्ये नागरिकांनी आपसांत चर्चा करून अॅडॉल्फ डिसूझा यांना उमेदवार म्हणून पुढे केलं आणि ते अपक्ष म्हणून निवडून आले. पक्षांच्या तिकिटाशिवायही सामान्य माणूस जिंकतो, हे त्यातून दिसलं. तो मार्ग कुणाला घ्यायचा असेल तर त्याने तो खुशाल घ्यावा. पण उमेदवार उभा केला की गट मैदानात उतरला. मग त्याने पंचाची शिट्टी खाली ठेवली पाहिजे.

आणि काही वेळा निष्पक्ष माणसाने आवाज चढवलाच पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे गावचं पद लिलावात काढल्याचं उघड झालं. बोली लावणाऱ्याने मंदिरासाठी पैसे द्यायचे आणि गावाने निवडणूक बिनविरोध करायची. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. ‘बिनविरोध’ हा शब्द आपल्याला भारी गोड वाटतो; गावात भांडण नको, खर्च नको. पण ज्या गावात मत मागायलाच कुणी येत नाही, त्या गावातल्या गरिबाला, बाईला, धाकट्या वस्तीतल्या माणसाला पाच वर्षांतून एकदा मिळणारी किंमतही गेली. देवाच्या नावावर पद विकलं जात असेल, तर ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ हे उत्तर चालणार नाही.

यादीच्या कामातही हीच सचोटी हवी. नवीन नाव नोंदवायला नमुना ६, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८, मयत, स्थलांतरित वा दुबार नावावर हरकत घ्यायला नमुना ७. यातला सातवा नमुना दुधारी आहे. नको असलेल्या वस्तीतली नावं ठरवून उडवायला त्याचा वापर होऊ शकतो. म्हणून गटाने घरी जाऊन, त्या माणसाशी किंवा घरच्यांशी बोलल्याशिवाय एकही हरकत भरू नये. खोटं निवेदन लिहून दिलं, तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभरापर्यंतची कैद होऊ शकते, हेही सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

मतदानानंतर सुरू होणारं काम

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्याच काळात राज्यातल्या इतर महापालिकांच्या आणि नगरपालिकांच्या मुदतीही संपत गेल्या आणि वर्षानुवर्षं प्रशासकांनी शहरं चालवली. कोट्यवधींची अंदाजपत्रकं एकाही निवडून आलेल्या माणसाच्या चर्चेविना मंजूर झाली. निवडणुकांचं प्रकरण न्यायालयात अडकलेलं होतं हे खरं. पण आपलं मतच गोठवलं गेलं आहे, यावर किती मोहल्ल्यांत, किती सोसायट्यांत सभा झाली? गणपतीची वर्गणी एक वर्ष गोळा झाली नसती, तर आपण रस्त्यावर उतरलो असतो.

७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिलं. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद केली. गावात ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा. ती सभा भरलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मागितलीच नाही, तर भरणार कशी? दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात स्थानिक संस्थांचं दप्तर नागरिकांना पाहता यावं, असा आदेश राज्य सरकारने २०१८ साली काढला. पुण्याच्या महापालिकेत ही पद्धत त्याआधीपासून होती. तुमच्या गल्लीतला रस्ता वर्षात दोनदा उखडला असेल, तर त्याची निविदा, मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्वाचा, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायचा, कालावधी त्या दप्तरात आहे. सोमवारी अर्धी रजा टाकून दोघांनी जायचं आणि पाहायचं. पाच वर्षं असे कागद जमवलेला गट पुढच्या निवडणुकीत उमेदवाराला ‘विकास करणार का?’ असा बावळट प्रश्न विचारत नाही. तो विचारतो, ‘अमुक रस्त्याच्या ठेकेदाराला दोषदायित्वाच्या मुदतीत पुन्हा पैसे कसे मिळाले?’ उमेदवाराला घाम फुटतो तो अशा प्रश्नाने.

आता नेहमीचे दोन आक्षेप. पहिला, ‘सगळे सारखेच चोर.’ मग तसं यंत्रावर सांगा. २७ सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे नोटा, हे बटण आलं. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक निवडणुकांसाठी त्याही पुढे जाऊन ठरवलं की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली, तर तिथे फेरनिवडणूक घ्यायची. ‘सगळे चोर’ म्हणणाऱ्याच्या हातात इतकं धारदार हत्यार आहे, आणि तो ते वापरायलाही घराबाहेर पडत नाही. दुसरा आक्षेप, ‘माझ्या एका मताने काय होतं?’ एका मताने खरंच फारसं काही होत नाही. म्हणूनच तर दहा-वीस जणांनी एकत्र यायचं. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत वीस मतांवर निकाल फिरतात, हे सगळे कार्यकर्ते जाणतात. फक्त घरी बसणाऱ्यांना ते माहीत नसतं.

तेव्हा, बंधुभगिनींनो, पुढच्या निवडणुकीची घोषणा व्हायची वाट पाहू नका. आचारसंहिता लागल्यावर जागा होणारा मतदार उमेदवारांच्या वेळापत्रकावर चालतो. आपण आपल्या वेळापत्रकावर चालू. येत्या रविवारी दहा जणांना बोलवा. त्यांत निदान चार बाया असू द्या, एक-दोन कॉलेजची मुलं असू द्या, आणि भाड्याने राहणाराही असू द्या, कारण यादीतून सगळ्यात आधी तोच गळतो. आपल्या भागाची मतदार यादी उतरवून घ्या आणि घराघरांत जाऊन ताडून पाहा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारपैकी कोणत्याही तारखेला अठरा पूर्ण होणाऱ्या मुलाला नाव नोंदवता येतं. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. वस्तीतल्या अशा मुलामुलींची यादी करा. घरकाम करणाऱ्या ताईंना, वॉचमनना, बांधकामावरच्या मजुराला विचारा, ‘तुमचं नाव कुठे आहे?’ ज्यांना हंगामासाठी परगावी जावं लागतं, त्यांच्या परतीच्या गाडीचा खर्च गावाने कसा उचलायचा ते आतापासून ठरवा.

आपल्याला मताधिकार मिळाला तेव्हा आपल्या आजोबा-आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी रांगा लावून तो वापरला. आपल्याला लिहिता-वाचता येतं, शपथपत्रं फोनवर उघडतात, यादी घरबसल्या दिसते. एवढं असूनही आपल्या प्रभागाचा कारभार ज्यांच्या हाती जातो, त्यांना आपण अंधारात निवडत असू, तर तक्रार करायला जागा उरत नाही. उठा, यादी उघडा, आणि शेजाऱ्याचं दार ठोठावा.